मावशींनाही बसवा
"पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात दुखणं-त्रास कमी करणारी काळजी) कॅन्सरवाल्यांसाठी, म्हाताऱ्यांकडे बघणाऱ्या सिस्टरना त्याचं ट्रेनिंग कशाला?" असं वर कुणीतरी विचारलंय. वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था) १९८६ पासून कॅन्सरच्याच रुग्णांसाठी आहे, म्हणून तसं वाटत असेल. पण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आजी 'दुखतंय' म्हणत नाहीत. कूस बदलताना कपाळाला आठ्या पडतात, सिस्टरचा हात घट्ट धरतात, नाहीतर सरळ चापट मारतात. मग 'चिडक्या आहेत' म्हणून झोपेचं औषध! बोलून सांगता न येणाऱ्यांचं दुखणं ओळखायच्या 'पेनॅड' मोजपट्टीत श्वास, कण्हणं, चेहरा, हालचाल आणि समजावल्यावर शांत होतात का, एवढंच बघायचं असतं. मॉर्फिन (जोरदार वेदनाशामक) लागलंच तर डोस कमी, आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. आणि हो, ट्रेनिंगला रात्रपाळीच्या मावशींनाही बसवा. कूस बहुतेकदा त्याच बदलतात.