घर एकच, मतदारसंघ तीन : कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या निवडणुकांवरून कुटुंबाच्या ग्रुपवर झालेली चर्चा

नानाकाका : चि. दादा, तू काल पाठवलेल्या मतदार पत्राच्या छायाचित्रावर ‘ब्रॅम्प्टन पूर्व’ असे लिहिलेले दिसले. मला मात्र तुझा मतदारसंघ तीन गावांच्या नावांचा असल्याचे आठवते. घर बदललेस की काय? शिवाय तिथे पंजाबी वस्ती मोठी असल्यामुळे पंजाबी उमेदवारच निवडून येतो, एवढाच त्या मतदारसंघाचा इतिहास असावा असा माझा समज आहे. चूक असल्यास सांग.

दादा : नानाकाका, सा. न. घर तेच आहे, गोर रोडजवळचे. आम्ही 2004 मध्ये इथे राहायला आलो तेव्हा ते ‘ब्रॅमली-गोर-माल्टन-स्प्रिंगडेल’ या मतदारसंघात होते, 2007 मध्ये त्यातून स्प्रिंगडेल वगळले गेले आणि 2018 पासून आम्ही ‘ब्रॅम्प्टन पूर्व’ झालो. भिंती हलल्या नाहीत, नकाशा हलला. इथे मतदारसंघाला ‘रायडिंग’ म्हणतात. त्याचा घोड्यावर बसण्याशी काही संबंध नाही, एखाद्या परगण्याचा तिसरा हिस्सा अशा अर्थाचा तो जुना शब्द आहे. ब्रॅमली हे नावदेखील जुळवलेले आहे : ब्रॅम्प्टनमधले ‘ब्रॅम’, माल्टनमधले ‘माल’ आणि कुरण या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘ली’.

माईआत्या : आपल्याकडेही 2009 मध्ये शिवाजीनगरचा भाग तोडून कोथरूड वेगळे केले, तेव्हा आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना आपला आमदार कोण हे वर्षभर सांगता येत नव्हते.

दादा : अगदी तसेच, आत्या. फरक इतकाच की आमच्या ओंटारियो प्रांतात ही मोडतोड अधिक वेळा झाली. 1999 मध्ये प्रांताच्या विधानसभेतील जागा 130 वरून 103 वर आणल्या आणि मतदारसंघ बहुतांशी देशाच्या संसदेच्या मतदारसंघांशी जुळवून घेतले. पुढे 2007 मध्ये त्या 107 झाल्या आणि 2018 मध्ये 124.

आता नानाकाकांच्या समजाविषयी. तो अर्धा बरोबर आहे. 1999 मध्ये आमच्या भागातून प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे रमिंदर गिल निवडून आले. 2003 मध्ये त्यांना लिबरल पक्षाचे डॉ. कुलदीप कुलार यांनी हरवले आणि 2007 मध्येही कुलारच आले. 2011 मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या, म्हणजे एनडीपीच्या, जगमीत सिंग यांनी कुलारांना हरवले, 2014 मध्ये ते पुन्हा जिंकले. 2018 मध्ये त्यांचे बंधू गुररतन सिंग ब्रॅम्प्टन पूर्वमधून आले आणि 2022 मध्ये गुररतन यांचा प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या हरदीप ग्रेवाल यांनी पराभव केला. विजयी झालेले सगळे पंजाबी आहेत हे खरेच. पण पक्षांचे रंग पाहा : एकदा प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्हचा निळा, दोनदा लिबरलचा लाल, तीनदा एनडीपीचा नारिंगी आणि परत निळा. समाजामुळे उमेदवारी कोणाला मिळेल ते कळते, पण मत कोणत्या पक्षाला पडेल ते कळत नाही, कारण गिल आणि कुलार समोरासमोर उभे असताना ‘आपला माणूस’ हा मुद्दा दोघांच्याही खिशात असतो.

नानाकाका : मान्य. मग पक्ष कशामुळे बदलतो? लाटेमुळे?

दादा : पुष्कळदा लाटेमुळेच. 2003 मध्ये प्रांतभर लिबरल लाट होती आणि तिच्यात शेजारच्या मतदारसंघातले मंत्री टोनी क्लेमेंटही वाहून गेले. पण 1990 चे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. त्या वर्षी एनडीपीने 130 पैकी 74 जागा जिंकून ओंटारियोत प्रथमच सरकार स्थापन केले, आणि तरीही ब्रॅम्प्टन ज्यात येते त्या आमच्या पील विभागातून त्यांना एकही जागा मिळाली नाही. ब्रॅम्प्टनच्या दोन्ही जागा लिबरल पक्षाकडेच राहिल्या. त्याच्या आधी तर हे गाव प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या बिल डेव्हिस यांचे होते. ते 1959 ते 1985 इथले आमदार होते आणि 1971 पासून प्रांताचे प्रमुख होते. ते निवृत्त होताच त्याच वर्षी त्यांची जागा लिबरल बॉब कॅलहन यांच्याकडे गेली. मतदार पक्षापेक्षा डेव्हिसना मत देत असावेत, असे माझे मत झाले आहे.

वहिनी : आणि जगमीत सिंग कोणत्या लाटेवर आले तेही सांगा.

दादा : कोणत्याच नाही, म्हणून तर ती निवडणूक लक्षात राहिली. मे 2011 मध्ये ते याच भागातून देशाच्या संसदेसाठी उभे राहिले आणि 539 मतांनी हरले. ऑक्टोबरमध्ये त्याच गल्ल्यांतून प्रांतासाठी उभे राहिले आणि 2277 मतांनी जिंकले. पील विभागातून निवडून आलेले ते एनडीपीचे पहिलेच आमदार. सहा महिन्यांत तेच स्वयंसेवक दुसऱ्यांदा दारावर आले होते, ही तयारी इतर पक्षांकडे नव्हती. त्यातच वाहन विम्याचा प्रश्न होता : इथे विम्याचा हप्ता तुम्ही कोणत्या पिनकोडमध्ये राहता यावरही ठरतो आणि ब्रॅम्प्टनचे हप्ते फार चढे आहेत. ज्याच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

वहिनी : नानाकाका, त्यांनी मतविभागणीचे सांगितले नाही. इथे आपल्यासारखीच पद्धत आहे, ज्याला सर्वांत जास्त मते तो जिंकला. तीन पक्ष बळकट असले की चाळीस टक्क्यांच्या आतही काम होते. 2018 मध्ये ब्रॅम्प्टनच्या पाच जागांपैकी तीन एनडीपीला आणि दोन प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मिळाल्या, आणि त्यांतली ब्रॅम्प्टन सेंटरची जागा शंभरहून कमी मतांनी ठरली. 2022 मध्ये पाचही जागा निळ्या झाल्या. महामार्ग 413 आणि दुसरे रुग्णालय यांच्या आश्वासनांचा त्यात वाटा होता, पण त्या वर्षी प्रांतात मतदानच जेमतेम 44 टक्क्यांच्या आसपास झाले, हेही ध्यानात घ्यावे लागेल. शाळेच्या व्यायामशाळेत मी मत द्यायला गेले तेव्हा रांग म्हणून माझ्यापुढे दोन माणसे होती.

माईआत्या : मग आता तरी नकाशा स्थिर झाला का?

दादा : नाही, आत्या. 2025 मध्ये फेब्रुवारीत प्रांताची निवडणूक जुन्याच सीमांवर झाली आणि एप्रिलमध्ये संसदेची नव्या सीमांवर. प्रांतासाठी ब्रॅम्प्टनचे पाच भाग आहेत, देशासाठी सहा. नाव तेच असले तरी हद्द तीच असेल असे नाही, म्हणून काल मी पत्राचे छायाचित्र टाकले होते. त्यावर कोणती निवडणूक आहे ते वरच्या कोपऱ्यात लिहिलेले आहे, नानाकाका, ते मोठे करून पाहा.