‘सिस्टम्स थिंकिंग’ला मराठीत काय म्हणाल?

म्हणजे सुटे सुटे भाग न बघता ते एकमेकांवर कसा परिणाम करतात ते बघणं. भाषांतरात मी ‘प्रणालीविचार’ लिहिलंय पण वाचणाऱ्यांना ते सॉफ्टवेअरबद्दल वाटतंय. ‘साकल्याने विचार’ चालेल का?

—

‘साकल्याने’ सुंदर शब्द आहे, पण त्यात सगळ्या बाजू बघा एवढंच येतं. एक गोष्ट दुसरीला ढकलते आणि ते फिरून पहिलीवरच येतं (यालाच फीडबॅक म्हणतात), हा मुद्दा निसटतो आणि सगळा विषय तर तिथेच आहे! साधं उदाहरण, गरम पाण्याचा नळ. पाणी पोचायला वेळ लागतो, आपण धीर सोडून नळ आणखी फिरवतो आणि मग एकदम चटका बसतो. नळ नीट, पाइप नीट, माणूसही शहाणा, सुटं सुटं तपासलं तर दोष कुठेच सापडत नाही, तो आहे मधल्या उशिरात. रस्त्यांचंही तसंच, डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की जो तो स्वतःपुरता जवळचा मार्ग धरत असेल तर नवा रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते हेच.

बाकी सिस्टमला मराठीत एकच एक शब्द नाहीच, सूर्यमाला, पचनसंस्था, दशमान पद्धत, सरकारी यंत्रणा, जागेप्रमाणे बदलतो. मला स्वतःला ‘संस्था’ सगळ्यात आवडतो कारण परिसंस्था म्हटलं की एकमेकांवर जगणारं काहीतरी डोळ्यापुढे येतं, पण नुसतं ‘संस्थाविचार’ लिहिलं तर लोक संघटना समजतील. म्हणून मी ‘व्यवस्थाविचार’ लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य समजावून सांगेन.

—

धन्यवाद, पटलं. मग पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणजे ‘सकारात्मक प्रतिसाद’ ना?

—

नको नको, तिथे अर्थाचा अनर्थ होतो. समुद्रावरचा बर्फ वितळला की खालचं गडद पाणी जास्त ऊन शोषतं, त्याने आणखी बर्फ वितळतो, हा पॉझिटिव्ह फीडबॅक आणि यात सकारात्मक काय आहे? पॉझिटिव्ह म्हणजे इथे फक्त झालेला बदल आणखी वाढवणारं. त्याला ‘वाढवणारं चक्र’ म्हणा, नुकसानीकडे जात असेल तर ‘दुष्टचक्र’ हा आपला शब्द तयारच आहे. आणि निगेटिव्हला ‘सावरणारं चक्र’ म्हणा, अंग तापलं की घाम येतो आणि अंग पुन्हा थंड होतं, त्याला नकारात्मक कसं म्हणणार?