बोटीवरची फिलिपिनो मीम्स मालवणीत कशी उतरवायची?

मेसरूम_मालवण
बोटीवर कामाला असलेल्या मालवण-देवगडकडच्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी एक पेज चालवतो. क्रूच्या ग्रुपवरून फिलिपिनो मीम्स ढिगाने येतात. ती मालवणीत करायची आहेत, पण भाषांतराचं अ‍ॅप लावलं की सगळं पाणचट होतं. 'कॅलेंडरला तरी तारीख आहे' असं एक टाकलं, कुणी दात दाखवला नाही.
लोदी, पेटमालू, हुगोत, मारितेस, चारोत ह्यांचं काय करायचं? मोबाइलवर अक्षरं टाकली की वेलांट्या भलतीकडे उडतात, त्यावर उपाय? आणि कशाला हात लावू नये?

तिरफळ
शब्दाचं भाषांतर करायला गेलात की संपलं. आधी तो घडवलाय कसा ते बघा.

लोदी म्हणजे 'आयडॉल' उलटीकडून वाचलेला. पेटमालू हा 'मालूपित'चा उलटा. मूळ अर्थ क्रूर, बोलीत 'जबरी'. वेरपा म्हणजे 'पॉवर'. २०१७च्या सुमारास हे तिन्ही एकदम पसरले, पण खोड जुनी आहे. १९९८ ते २००१ राष्ट्राध्यक्ष असलेले जोसेफ एस्त्रादा ह्यांचं टोपणनाव 'एराप' म्हणजे 'पारे' (दोस्त) उलटा करून. ह्या प्रकाराला नावसुद्धा उलटंच, 'तादबालिक'. सरळ शब्द 'बालिकताद', म्हणजे उलटं.

आपल्याकडे ह्याच्या तोडीची चची भाषा आहे. पहिलं अक्षर शेवटी न्यायचं, पुढे च लावायचा. मासळी – चसळीमा. पावर – चवरपा. 'वेरपा'च्या जागी 'चवरपा' टाका, शाळेत मागच्या बाकावर बसलेला कुणीही ओळखेल. एका मीममध्ये असा एकच शब्द ठेवा. दोन झाले की कोडं होतं.

हुगोत म्हणजे उपसून काढणं. कुठल्याही फालतू वस्तूतून प्रेमभंगाची कळ उपसायची. एक ठरलेला साचा 'बूती पा आंग...', म्हणजे 'अमक्याचं तरी बरं...'. तुमचं कॅलेंडर त्यातलंच. मुळात कोटी 'डेट' शब्दावर आहे, तारीख आणि प्रेमातली भेट. मराठीत तारीख म्हटलं की भेट कुठली आठवायला, कोर्ट आठवतं. मग कोर्टच घ्या :
'जमिनीच्या केसीक तरी तारीख गावता, माकाच गावना नाय.'
सातबाऱ्यावर बावीस नावं असलेल्या घरात हे समजावून सांगावं लागणार नाही.

मारितेस म्हणजे गावभर बातम्या पोचवणारी. 'मारे, आनो लेटेस्ट?' म्हणजे 'गो, नवीन काय?' अशी त्याची गमतीची फोड लोक सांगतात. तिथे ते खरोखरचं बायकांचं नाव आहे, त्या बिचाऱ्यांच्या वाट्याला फुकटची थट्टा आली. म्हणून आपल्याकडचं एखादं नाव उचलू नका. 'गजालवाली' पुरे आहे.

साना ऑल : 'सगळ्यांचं असं होवो', पण सूर जळक्याचा. 'आमचा नशीब खय तसला!' चारोत : टोमणा मारून झाल्यावर शेपटीला लावायचा शब्द. 'मस्करी हां.'

खाडीपलीकडची
अक्षरांचं सांगते. काही फोटो-अ‍ॅपना देवनागरीची जुळणी येत नाही, म्हणून पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट कितीही बदला, फरक पडणार नाही. गूगल स्लाइड्समध्ये मजकूर लिहून पानाचा फोटो काढा आणि तो मीमवर चिकटवा. 'मुक्त' किंवा 'बालू' नावाचा फॉन्ट घ्या, दोन्ही युनिकोड आणि फुकट. श्रीलिपी, कृतिदेवातला मजकूर चिकटवलात तर चिन्हांचा कचरा दिसेल.

आणखी तीन ठिकाणी चुकतं.
अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते.
ओळींमधलं अंतर १.३ ते १.४. इंग्रजीसाठी ठेवलेल्या १ वर रफार आणि वरची मात्रा कापली जाते.
पांढऱ्या अक्षरांना काळी कडा दिली की शिरोरेषेवर प्रत्येक सांध्याला काळी रेघ उमटते, कारण प्रत्येक अक्षराला वेगळी कडा लागते. त्याच मजकुराच्या दोन प्रती करा, कडा फक्त मागच्या प्रतीला द्या, पुढची साधी पांढरी. दोन्ही तंतोतंत एकावर एक.

व्हिडिओ असेल तर मूळ ताग्लिश (त्यांची तागालोग भाषा आणि इंग्रजीची मिसळ) ओळींवर काळी पट्टी टाका. रीलसाठी १०८० बाय १९२० मध्ये खालचे साधारण ३५० पिक्सेल मोकळे सोडा, तिथे नाव आणि मजकूर येतो.

आणि ह्यात सगळेच फसतात : तागालोगमध्ये क्रियापद बहुतेक वेळा आधी येतं, आपलं शेवटी. त्यामुळे त्यांच्या ओळीतला हशा जिथे पिकतो तिथे आपली ओळ अजून कर्त्यातच असते. वाक्य दोन तुकड्यांत तोडा. पहिला तुकडा लवकर दाखवा, शेवटचे दोन-तीन शब्द चेहरा बदलतो त्या क्षणी. वर केलेल्या ओळीत 'माकाच गावना नाय' वेगळं यायला हवं.

गोपाळकाला_७
कशाला हात लावू नये, ते. बिसाया (सेबूकडची भाषा) बोलणाऱ्यांचा हेल काढून केलेली मीम्स सोडून द्या. मनिलाच्या टीव्हीवर बिसाया हेल म्हणजे मोलकरीण, हे समीकरण वर्षानुवर्षं चाललं. मालवणी बोलणारा म्हणजे गडी किंवा भोळसट, हे आपण पाहिलंय ना? तेच. बोटीवर सेबूचाही कुणी असतो, त्याला ते झोंबतं. जेजेमॉनचंही थोडं तसंच. आकडे-अक्षरं मिसळून मेसेज लिहिणाऱ्यांना २०१० साली हे नाव पडलं, तिथल्या 'वर्षाचा शब्द' ह्या निवडीतही तेच जिंकलं, आणि हसता हसता ते गरीब वस्तीतल्या पोरांना हिणवायचं झालं. त्याच निवडीत २००७ साली 'मिस्कोल' जिंकला होता. मिस्ड कॉलवर विनोद मात्र खुशाल करा.

राजकीय टोमणे त्यांच्या पुढाऱ्यांवर असतील तर क्रूमधल्या मित्राला अडचणीत आणू नका. तिथे २०१२च्या सायबर गुन्हे कायद्यात ऑनलाइन बदनामीला छापील बदनामीपेक्षा एक पायरी जास्त शिक्षा आहे. २०१४ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने लाइक-शेअर करणाऱ्यांना वगळलं, मूळ लिहिणारा अडकतोच. आपल्याकडे आयटी कायद्यातलं ६६अ कलम २०१५ साली रद्द झालं, पण बदनामीचं कलम आहेच, आता न्याय संहितेत ३५६. सरपंचावर करा, गाव सांगू नका.

मेसरूम_मालवण
'चवरपा' लगेच उचलतोय. दोन राहिली. बालिकबायान बॉक्स, आणि १ सप्टेंबरपासून भिंतीआडून डोकावणारा तो गायक.

तिरफळ
होसे मारी चान. सप्टेंबर ते डिसेंबर हे 'बर'चे महिने, तिथे नाताळ तेव्हापासूनच सुरू. त्याचं १९९० सालचं नाताळचं गाणं दुकानादुकानांत वाजतं, म्हणून तो डोकावतो. आपल्याकडे माणूस नको, तिकीट डोकावू दे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० वरून ६० दिवसांवर आलं. गणपतीच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ ला दाराआडून 'वेटिंग'.

बॉक्सची दिशा मात्र उलटी करा. परदेशातला फिलिपिनो साबण, चॉकलेटं, टिनमधलं मांस भरून घरी पाठवतो. आपला चाकरमानी येताना फरसाणाची एक पिशवी आणतो आणि जाताना खोका भरतो : कुळथाची पिठी, कोकमा, सुके बोंबील, घराकडचे तांदूळ, वर एक फणस, 'बर्थाखाली रवतलो' म्हणान.

खाडीपलीकडची
आईस्क्रीमच्या डब्यातून गोठवलेली मासळी निघते ते मीम जसंच्या तसं टाका. फक्त डब्यात सोललेली कोलंबी दाखवा.