पुण्यातल्या चांदणी चौकातून सायकल कशी काढता? मदत हवी आहे

मंडळी, माझी मुलगी बावधनहून कोथरूडला कॉलेजात सायकलनं जाते. तिची हौस मोडायची नाही, पण चांदणी चौकामुळे जिवाला घोर लागलाय. २०२३ मध्ये नवे पूल आणि रॅम्प सुरू झाले, गाड्यांची कोंडी बरीच सुटली. सायकलवाल्यांचा मात्र तिथे कुणी विचार केलेला दिसत नाही.

खरी भीती रॅम्पच्या तोंडाशी. ती डाव्या कडेनं सरळ चाललेली असते आणि मागून आलेली गाडी वेग कमी न करता तिच्या पुढ्यातून डावीकडे वळते. डंपर असेल तर डाव्या चाकाशी असलेली सायकल ड्रायव्हरला दिसतही नाही. त्यात कडेला बारीक खडी साचलेली, म्हणून नेमकं तिथंच तिला आत सरकावं लागतं.

रोज जाणाऱ्यांनो, रॅम्पपाशी थांबून, मागे बघून काटकोनात ओलांडता, की आधीच हात दाखवून लेनच्या मधोमध येता? सकाळी आठच्या गर्दीत पाषाणमार्गे वळसा बरा पडेल का? आरसा आणि मागचा लाल दिवा घेतोच आहे. फक्त ‘स्कूटी घेऊन द्या’ एवढं सुचवू नका, प्लीज.