सागरी इतिहासाचे मंडळ: आधी साधने छापावीत की माणसे जोडावीत?

गलबत (प्रस्ताव):

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी एक ठराव मांडणार आहे. सभेत प्रत्येकाला पाच मिनिटेच मिळतात, म्हणून तो आधीच येथे चर्चेला ठेवतो. ठराव असा आहे की आपल्या मंडळाने पुढील पाच वर्षे उत्पन्नाचा निम्मा भाग मूळ साधनांच्या, म्हणजे इतिहासाच्या जुन्या कागदपत्रांच्या, संपादनाला व प्रकाशनाला द्यावा. व्याख्याने आणि जलदुर्गांच्या सहली यांनी आपापला खर्च भागवावा. आणि षाण्मासिकात येणारा प्रत्येक लेख, लेखकाचे नाव झाकून, दोन जाणकारांनी तपासल्याशिवाय छापू नये.

सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले आणि त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग व खांदेरी हे चार जलदुर्ग आहेत. लोकांचे लक्ष समुद्राकडे वळले आहे. अशा वेळी त्यांच्या हाती आपण काय देतो? आपल्या बहुतेक व्याख्यानांत रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथातील ‘ज्याजवळ आरमार त्याचा समुद्र’ हे वाक्य येते आणि टाळ्या पडतात. आरमारासाठी लाकूड कोठून आणावे, रयतेच्या आंब्याफणसाच्या झाडांना हात का लावू नये, जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून व मोल देऊन कसे घ्यावे, हे त्याच ग्रंथात सांगितले आहे. त्यावर आपल्या षाण्मासिकात आजवर एकही लेख आलेला नाही. आरमार म्हणजे लाकूड, दोर, पगार आणि माणसे. हा हिशेब कागदांतून निघतो, आणि कागद छापल्याशिवाय पुढच्या अभ्यासकाला उपलब्ध होत नाहीत.

१८४६ मध्ये स्थापन झालेली लंडनची हॅक्लुट सोसायटी वर्गणीदारांच्या बळावर प्रवासवृत्तांतांच्या मूळ संहिता छापत आली आहे आणि तिचे ३०० हून अधिक खंड झाले आहेत. शिवकालीन मुंबई-सुरत किनारा पाहिलेल्या जॉन फ्रायरचा वृत्तांत आपण आज टिपांसह वाचतो तो याच संस्थेने १९०९ ते १९१५ या काळात काढलेल्या तीन खंडांमुळे. आपल्याकडे राजवाड्यांनी १८९८ मध्ये साधनांचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांच्यामागे ना संस्था होती ना निधी. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरातून जे काढून ठेवले, त्यावर मराठी-पोर्तुगीज संबंधांचा अभ्यास आजही उभा आहे. मंडळ कशासाठी असते याचे उत्तर या कामांत आहे, असे मला वाटते.

किल्लेफेरी:

मी या ठरावाला विरोध करणार आहे. आपण सहल आणि व्याख्यान यांना खर्चाची बाजू मानले आहे, पण आपल्या मंडळात गेल्या काही वर्षांत जे नवे सदस्य आले ते बहुतेक सहलीतून आले. षाण्मासिक वाचून आलेला माणूस मला आठवत नाही. वर्गणी देणारा माणूसच नसेल, तर साधने छापण्यासाठी उत्पन्नाचा निम्मा भाग कोठून येणार?

दुसरे असे की इंग्लंडचेच उदाहरण घ्यायचे, तर ते पूर्ण घ्यावे. १९१० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी फॉर नॉटिकल रिसर्चने संशोधनपत्रिका काढली, पण १९२२ पासून नेल्सनचे व्हिक्टरी जहाज वाचवण्यासाठी लोकांकडून निधीही जमवला, आणि १९३७ मध्ये ग्रिनिचला जे सागरी संग्रहालय उघडले त्याच्या उभारणीतही तिचा हात होता. त्या विद्वानांना लोकांपुढे जाण्यात कमीपणा वाटला नाही.

अवघड विषय टाळून सहली होतात, असे आपण म्हणाला नाहीत, पण ध्वनी तसा आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा नानासाहेब पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते. ही गोष्ट सभागृहात सांगितली की लोक अस्वस्थ होऊन उठून जातात. तीच गोष्ट आम्ही विजयदुर्गाच्या तटावर, समोर वाघोटणची खाडी असताना सांगितली, तेव्हा चाळीस माणसे तासभर उन्हात उभी राहिली आणि उतरताना तुळाजी व नानासाहेब यांच्या वैराबद्दल काय वाचावे, असे विचारत होती.

नाव झाकून परीक्षणाबद्दल एकच सांगतो. मराठीत सागरी इतिहासावर सातत्याने लिहिणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. पहिल्या परिच्छेदावरून लेखक कोण ते कळते, आणि परीक्षक कोण तेही लेखकाला कळते. मग नाव झाकल्याने निःपक्षपातीपणा येत नाही, केवळ एक वर्ष उशीर होतो.

जमाखर्च:

मी कोणत्याच बाजूने लिहीत नाही, पण काही वर्षे मंडळाचे हिशेब सांभाळल्यामुळे दोन्ही बाजूंना आवश्यक असलेली माहिती देतो.

आपल्यासारखी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. जी देणगी एखाद्या स्मृतिव्याख्यानासाठी म्हणून मिळाली, तिचे व्याज त्याच व्याख्यानावर खर्च करावे लागते. आपल्या ठेवींपैकी मोठा भाग असाच बांधलेला आहे. त्यामुळे ‘उत्पन्नाचा निम्मा भाग’ हे शब्द ठरावात तसेच राहिले, तर ते कायद्याने पाळता येणार नाहीत. तेथे ‘अनिर्बंध उत्पन्नाचा निम्मा भाग’ असे हवे, आणि ती रक्कम आपल्याला वाटते त्याहून पुष्कळच लहान आहे.

आपल्या अडचणीचे खरे मूळ आजीव सदस्यत्वात आहे. समजा एखाद्याने पूर्वी ५०० रुपये देऊन आजीव सदस्यत्व घेतले. सात टक्के दराने त्यावर वर्षाला ३५ रुपये व्याज मिळते. षाण्मासिकाचे दोन अंक छापून त्याच्या घरी पोचवायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो, आणि हे बंधन त्याच्या हयातीपर्यंत आहे. असे सदस्य जितके अधिक, तितका तोटा अधिक. अनेक जुन्या संशोधन मंडळांची नियतकालिके अनियमित झाली त्यामागे विद्वत्तेचा अभाव नसून हेच गणित असते. आजीव सदस्यांना छापील अंक हवा की नको असे पत्र पाठवून विचारावे, आणि नवे आजीव सदस्यत्व थांबवावे, असे मी कार्यकारिणीला दोनदा लेखी सुचवले आहे. ते झाले तर साधनांसाठीही पैसा निघेल आणि सहलींवरही गदा येणार नाही.

तांडेलाचा मुलगा:

माझे वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख खलाशी, होते आणि मी स्वतः पंधरा वर्षे मचव्यावर काढली. वरील चर्चेत कागद आहेत, किल्ले आहेत, हिशेब आहेत, पण ज्यांनी समुद्रावर आयुष्य काढले ती माणसे कोठेच नाहीत, हे पाहून लिहीत आहे.

१६७९ च्या खांदेरीच्या लढाईचे उदाहरण देतो, कारण ते पाणी मला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये एका पहाटे मराठ्यांचा आरमारप्रमुख दौलतखान याची गलबते इतक्या वेगाने चालून आली की खांदेरीजवळ नांगरलेल्या इंग्रजी जहाजांना नांगर उचलून निघायला जेमतेम वेळ मिळाला, आणि त्यांची ‘डव्ह’ नावाची गुराब (शिडाचे लढाऊ जहाज) मराठ्यांच्या हाती लागली. त्या महिन्यांत मराठ्यांच्या लहान होड्या नागावच्या खाडीतून रात्री सुटत, बेटावर रसद पोचवत आणि परत खाडीत शिरत; मोठ्या जहाजांना त्यांना अडवणे जमेना. व्याख्यानात हे ‘शौर्य’ या एका शब्दात संपते. शौर्य होतेच, पण पाऊस सरल्यावरच्या दिवसांत रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, खाडीतून बाहेर पडणाऱ्याला तो पाठीशी मिळतो, आणि दुपारचे खारे वारे सुरू होण्याआधी मधली वेळ पडीची, म्हणजे वारा पडलेली, असते. पडीत शिडाचे जहाज जागच्या जागी डोलते आणि वल्ह्यांची होडी चालते. किती भरतीला खाडीच्या मुखावरून किती पाण्याची होडी आत जाते, हे त्या किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही.

हे मी एकदा मंडळाकडे लिहून पाठवले होते. ‘संदर्भ नाहीत’ म्हणून ते परत आले. माझा संदर्भ माझे वडील होते, आणि आता तेही नाहीत. दोन परीक्षकांचा नियम झाला तर माझ्यासारख्याचे एक ओळही लिखाण पुढे येणार नाही. शीड, परबाण, सुकाणू, फालका, आगोट, भांग हे शब्द बोलणारी शेवटची पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. दफ्तरखान्यातले कागद आणखी दहा वर्षे थांबू शकतील. ही माणसे थांबू शकणार नाहीत.

मोडीवाचक:

वरचे पत्र मी तीनदा वाचले. ज्या कोणी ते टिपण परत पाठवले, त्याने मंडळाचे नुकसान केले असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही त्यातूनच साधनांची बाजू किती भक्कम होते ते पाहा. नागावच्या खाडीतून सुटणाऱ्या होड्यांची हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः इंग्रज कप्तानांनी मुंबईला लिहिलेल्या पत्रांतून; शिवकालीन आरमाराचे स्वतःचे कागद फारच थोडे उरले आहेत. ती पत्रे छापली गेली नसती, तर भरतीचे ज्ञान कोणत्या प्रसंगाला लावायचे हेच कळले नसते. शिवाय त्या पत्रांवरच्या तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच नवी (ग्रेगोरियन) दिनगणना स्वीकारली, इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही, आणि सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचे अंतर होते. इंग्रजी पत्रातली १८ ऑक्टोबर ही गोव्याच्या दफ्तरातली २८ ऑक्टोबर. कोणी हे न पाहता चंद्राची कला काढली, तर भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, जागी उधाणाच्या आसपासचा दिवस येईल आणि तांडेलाचे सगळे बरोबर असलेले ज्ञान चुकीच्या दिवसाला चिकटेल. तारीख दुरुस्त करणारा आणि पाणी ओळखणारा असे दोघे एका टेबलाशी बसले, तर ती लढाई तासातासाने मांडता येईल. असे टेबल मिळवून देणे एवढे एकच काम मंडळाने केले तरी मला ते पुरेसे वाटेल.

प्रस्तावकांशी माझा मतभेद वेगळा आहे. पैसा छपाईला लागत नाही, वाचकाला लागतो. मोडीतले घाईने लिहिलेले पान सरावाच्या माणसालाही तासन्‌तास अडवते, आणि सतराव्या शतकातले हस्तलिखित पोर्तुगीज वाचू शकणारी मराठी माणसे फारच थोडी आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात बसून काम करणाऱ्या दोन तरुणांना तीन वर्षे विद्यावेतन द्या. खंड त्यानंतर आपोआप येतील. आज आपण खंडांची घोषणा केली, तर पूर्वी छापलेलेच पुन्हा छापले जाईल.

वाघोटण:

दुरून वाचणारा सदस्य म्हणून एकच मुद्दा. मुंबईत व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेल्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीला नौदलाचा आधार आहे. आपल्याला तसा आधार नाही, म्हणून आपण तिच्यासारखे सर्वसमावेशक होण्याचा प्रयत्न करू नये. विजयदुर्ग ते खांदेरी एवढाच किनारा घ्यावा आणि तो मराठीत नीट करावा.

गलबत:

ठराव बदलून मांडतो. ‘अनिर्बंध उत्पन्न’ हा शब्द घेतला. निम्म्या भागाऐवजी तिसरा भाग, आणि तो छपाईऐवजी दोन अभ्यासकांच्या विद्यावेतनाला, हेही मला मान्य आहे. परीक्षणाबाबत सांगायचे तर दीर्घ लेखांना ते हवेच, असे मी अजूनही म्हणेन, कारण आपल्या अंकात छापलेली चूक पुढे वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत जाते, आणि तिथून ती काढता येत नाही. परंतु सोसायटी फॉर नॉटिकल रिसर्चच्या संशोधनपत्रिकेत पहिल्यापासून ‘टिपा आणि प्रश्न’ असे सदर होते. एखाद्या दोराचे नाव, डोलकाठीचा बांधा, असल्या बारीक गोष्टींवर खलाशी, चित्रकार आणि विद्वान यांनी तेथे शेजारी शेजारी लिहिले. आपल्या अंकातही असे सदर सुरू करावे. त्याला परीक्षकांची अट नसावी. सांगणाऱ्याचे गाव, त्याने कोणत्या प्रकारच्या होडीवर किती वर्षे काम केले आणि ती गोष्ट त्याने कोणाकडून ऐकली, एवढे लिहिले की तोच त्याचा संदर्भ मानावा. तांडेलांच्या चिरंजीवांनी आपले ते टिपण पुन्हा पाठवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

किल्लेफेरी:

सदराला माझा पाठिंबा आहे आणि विद्यावेतनालाही. सहलींनी आपला खर्च भागवावा या कलमाविरुद्ध मात्र मी सभेत मत देईन. होडीचे भाडे वाढले आहे, आणि पूर्ण खर्च माणशी वाटला तर थळ आणि मालवणकडची शाळकरी मुले सर्वांत आधी गळतील. तीच मुले उद्या मोडी शिकायला हवी आहेत.

तांडेलाचा मुलगा:

टिपण पाठवतो, पण ते आधी मोडीवाचकांनी पाहावे, कारण मी धरलेली तारीख इंग्रजी पत्रातलीच होती. थळला आमच्या आळीत दोन म्हातारे तांडेल आहेत, त्यांतल्या एकाला आता ऐकू कमी येते. नारळी पौर्णिमेनंतर घरची मुले समुद्रावर जातात आणि दोघे दिवसभर घरीच असतात. कोणी लिहून घ्यायला येणार असेल, तर त्या दिवसांत यावे. मी सोबत बसेन.