शब्दचर्चा : ऊन, तपन, उजेड. सोलर प्लेट यातलं नेमकं काय खाते?

पांदणवाट :
यवतमाळकडच्या आमच्या गावात ज्यांच्याकडे सौर पंप बसलेत, त्यांच्यासाठी पानभर माहिती लिहून द्यायची आहे. पहिल्याच वाक्याला अडलो. ‘जितकं जास्त ऊन, तितकी जास्त वीज’ असं लिहून शेजारच्या काकांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, ‘मंग मे महिन्यात काहून कमी देते? तपन तं डोस्कं फोडते.’ खोटं नाही त्यांचं. प्लेट कोणत्या प्रकारच्या प्रकाशातून किती वीज देते, त्या ‘स्पेक्ट्रल रिस्पॉन्स’ला ‘वर्णपटीय प्रतिसाद’ असा शब्द सापडला, पण तो काकांपुढे उच्चारायची माझी हिंमत नाही. काय लिहावं?

निवृत्त गुरुजी :
घोटाळा ‘ऊन’ या शब्दातच आहे. संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी ऊन. तो ह अजून ‘उन्हात’, ‘उन्हाळा’ यांत टिकून आहे. कृष्णाचा कान्हा झाला, तीच वाट. म्हणजे शब्द मूळचा गरमपणाचा. ‘ऊन ऊन भात’ म्हणतो तेव्हा भातातून उजेड फाकत नाही. पुढे सूर्याचं तेजही त्याच शब्दात येऊन बसलं. आपल्याकडे उन्हाच्या तापाला ‘तपन’ हा वेगळा शब्द आहे हे नशीब. तेव्हा सरळ लिहा : प्लेटला उजेड पाहिजे, तपन नको.

वावरवाला :
गुरुजी बराबर बोलले. माह्या प्लेटच्या मांगच्या कागदावर लिवलं हाये, हे वॅट 25 डिग्रीले मोजले म्हणून. मे महिन्यात आपल्या इकडं 25 डिग्री पाहाटे तरी असते का? अन् प्लेट तं हवेपेक्षा 20-25 डिग्री जास्त तापते. दर डिग्रीमांगं शंभर वॅटातला 0.3 ते 0.4 वॅट जाते. प्लेट 70 डिग्रीवर गेली तं हिशेब करा, शंभरातले पंधरा-सोळा तिथंच गेले. आमी म्हणतो प्लेट ‘करंट उचलते’. प्रतिसाद सभेले भेटते.

तारजोडणी :
‘उजेड पाहिजे, तपन नको’ कानाला गोड लागतं, पण अर्धंच खरं. उजेड म्हणजे डोळ्याला दिसतो तो, साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा. सिलिकॉनची प्लेट मात्र 1100 च्या आसपासपर्यंत उचलते, आणि तिचा खरा जोर 900 च्या जवळपास असतो, जिथे आपल्याला ठार काळोख.

घरी करून पाहिलंय. बंद पडलेल्या सौर कंदिलाची तळहाताएवढी प्लेट अंगणात ठेवली, मीटर जोडलं. वर लाल जिलेटीन कागद, त्यावर निळा. दोन्ही धरून आरपार पाहिलं तर जवळपास काही दिसत नव्हतं. मीटरवरचा आकडा उतरला, पण शून्यावर काही येईना. हे कागद दिसणारा उजेड अडवतात, लालच्या पलीकडचा तसाच जाऊ देतात. टीव्हीच्या रिमोटचा दिवा 940 नॅनोमीटरच्या आसपासचा. आपण त्याला आंधळे, प्लेट नाही.

हिशेब एसटीच्या तिकिटासारखा आहे. प्रकाश कणाकणाने येतो. सिलिकॉनचं तिकीट 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टचं (हे कणाच्या ऊर्जेचं माप), समजा 11 रुपये. 400 वाला जांभळा कण 31 रुपये घेऊन चढतो, 700 वाला लाल 18. दोघांनाही प्रत्येकी एकच जागा, आणि कंडक्टर सुटे परत देत नाही. उरलेले पैसे उष्णता होऊन प्लेटच तापवतात. वर जांभळा पृष्ठभागालाच अडकतो, त्यातले बरेच तिथेच वाया. 1100 च्या पुढच्यांकडे 11 रुपयेच नाहीत, दोघांनी मिळून एक तिकीट काढायची सोय नाही. कॅल्क्युलेटरवरच्या पट्टीचं सिलिकॉन वेगळं, अनाकार, म्हणजे ज्यातले अणू शिस्तीत रचलेले नसतात. त्याचं तिकीट साधारण 17, म्हणून त्याला ट्यूबलाइटही चालते आणि अवरक्ताचा, म्हणजे त्या लालच्या पलीकडच्याचा, काही उपयोग नाही.

पांदणवाट :
तारजोडणी दादा, तिकीट ढापतोय. पण 700 ते 1100 मधल्याला काय म्हणू? ‘अवरक्त’ म्हटलं की लोक रक्ताची तपासणी समजतील.

निवृत्त गुरुजी :
आधी माझं वाक्य मागे घेतो. ‘अवरक्त’मधलं रक्त म्हणजे लाल, अव म्हणजे खाली. ऊर्जेने लालच्या खालचा. तरंगलांबी मोजली तर तोच लालच्या वर जातो, त्यामुळे शाळेत पोरं हमखास चुकायची. दुसऱ्या टोकाला अतिनील. त्यालाच जुन्या पुस्तकांत ‘जंबुपार’ असा देखणा शब्द होता, जांभळ्याच्या पलीकडचा. तो का मागे पडला कोण जाणे. ‘वर्णपट’ही तसा लंगडाच, ज्याला वर्ण नाही तेही त्यात धरायचं. ‘न दिसणारा उजेड’ म्हणावं, तर दिसणं हाच उजेडाचा धर्म.

वावरवाला :
‘लपेल उजीड’ म्हना ना.

निवृत्त गुरुजी :
झकास! सडेल आंबा, पडेल घर, तसा लपेल उजेड. आहे, पण लपला आहे. ‘अवरक्त’मध्ये हे येत नाही.

पांदणवाट :
काकांना आता हे वाचून दाखवलं : ‘प्लेट दिसणाऱ्या उजेडावर चालते आणि लपेल उजेडावरही चालते. ती जितकी तापेल तितकी कमी देईल. धूळ सकाळी पुसा, भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारू नका.’ ते म्हणाले, ‘पयले असंच लिवाले काय झालतं?’ आता एवढंच सांगा, छापताना ‘लपेल’ला अवतरणचिन्ह देऊ की तसाच ठेवू?

वावरवाला :
तसाच ठेव. गावात कोनाले समजत नाही तो?