यकृत प्रत्यारोपणाच्या निकालांवर विद्यार्थ्याने काय अभ्यासावं?

प्रश्न: वैद्यकीय तिसरं वर्ष. विभागात साधारण २०० प्रत्यारोपणांच्या फाइली आहेत, वेळ सहा महिने. पाच वर्षांचं सर्व्हायव्हल (किती रुग्ण जगले) बघावं म्हणतोय. जमेल?

उत्तर १: नको. निम्म्या रुग्णांचा फॉलो-अप सापडणार नाही. त्यापेक्षा अर्ली अ‍ॅलोग्राफ्ट डिस्फंक्शन (नवं यकृत सुरुवातीच्या दिवसांत नीट काम न करणं) घ्या, सगळं त्याच अ‍ॅडमिशनच्या कागदांत मिळतं. त्याचे निकष: सातव्या दिवशी बिलिरुबिन डेसिलिटरला १० मिग्रॅ किंवा जास्त, सातव्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) १.६ किंवा जास्त, पहिल्या सात दिवसांत एएसटी वा एएलटी (यकृताची एन्झाइम्स) २००० युनिटच्या वर. यातलं एक जरी असलं तरी पुरे. सातव्या दिवसाआधी दगावलेल्यांचं काय करायचं, हे मात्र फाइली उघडण्यापूर्वीच लिहून ठेवा. आणि एथिक्स कमिटीचा अर्ज आजच टाका, खरा वेळ तिथेच जातो.

उत्तर २: फाइलीवर लिहिलेला मेल्ड स्कोअर (यकृताचा आजार किती गंभीर ते सांगणारा आकडा) उतरवू नका, मूळ रिपोर्टवरून स्वतः काढा. त्यात धरलं जाणारं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) डायलिसिसवरच्या रुग्णात कमी दिसतं. जुन्या सूत्रात आठवड्यात दोनदा डायलिसिस झालं असेल तर ते ४ धरतात. मेल्ड ३.० या नव्या सूत्रात कमाल ३. कुठलं सूत्र वापरलं ते नमूद करा. प्लाझ्मा दिल्यानंतरचा आयएनआरही फसवा.

उत्तर ३: २०० पैकी ४० जणांना डिस्फंक्शन झालं तर सांख्यिकी मॉडेलमध्ये चारच घटक बसतात, दर घटकामागे दहा घटना या ढोबळ हिशोबाने. पंधरा घटक कोंबलेले पेपर असतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. पुढे सर्व्हायव्हल केलंच, तर पुनःप्रत्यारोपण ग्राफ्टच्या (बसवलेल्या यकृताच्या) खात्यात अपयश, रुग्णाच्या खात्यात नाही.